जंतूकाकू

सगळ्या आरोग्यसेविकांमध्ये ती उंच होती, एवढाच तिचा गुन्हा. मोठ्या मॅडमनी वरच्या ऑफिसातून मागवलेला जंतूचा पोशाख बाकीच्यांच्या पायात लोळत होता, तिला मात्र तो अंगाबरोबर बसला. हिरव्या स्पंजचा पोशाख, पाठीवर काटे, डोक्यावर दोन शिंगं आणि पोटावर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘मी जुलाब’.

“शिंगं कशाला?” तिनं विचारलं. “जंतूला शिंगं असतात होय?”

“मुलांना गंमत वाटते, ताई,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

“मुलं पंधरा-सोळाची आहेत, मॅडम. निम्म्यांना मिसरूड फुटलंय. त्यांना शिंगं दाखवून काय होणार? ती आपल्यालाच शिंगावर घेतील.”

मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नाटुकलं त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि चहाच्या दर घोटाला त्या तसं सांगत होत्या. ऐकणं हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांचं काम ऐकवण्याचं.

तशी मोहीम गरजेची होती, हे आपली ही उंच बाईही नाकारत नव्हती. त्या भागात त्या उन्हाळ्यात जुलाबानं पोरं आडवी होत होती, आणि ती बाळं नव्हती, चांगली हातापायांनी वाढलेली पोरं होती. बाळाचं पोट बिघडलं तर आई धावत येते. म्हाताऱ्याचं बिघडलं तर सून कुरकुरत का होईना, पण येते. मधल्या वयाच्या पोराचं बिघडलं तर कुणीच येत नाही, कारण ते पोर कुणाला सांगतच नाही. एकदम दवाखान्यात येतं तेव्हा डोळे खोल गेलेले आणि ओठ सालपटलेले. अशी बरीच आली, म्हणून वरच्या ऑफिसाला जाग आली. जाग आली आणि त्यांनी शिंगं पाठवली.

नाटुकलं शाळेच्या हॉलमध्ये झालं. तिची जोडीदारीण साबण झाली होती. ती बुटकी आणि गुबगुबीत, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, साबणापेक्षा उशीच जास्त दिसत होती. जंतूनं यायचं, ‘मी आलो, मी आलो, पोटात घर करायला आलो’ असं म्हणत नाचायचं, मग साबणानं त्याला बदडायचं आणि जंतूनं ‘मेलो, मेलो’ करत पडायचं. एवढी मॅडमची प्रतिभा.

पहिल्या ओळीलाच पोरं खिदळली. नाचाला शिट्ट्या पडल्या. साबणानं पहिला फटका मारला तेव्हा हॉलभर पोरांनी जंतूची बाजू घेतली. “उठ, जंतू, उठ,” अशा आरोळ्या सुरू झाल्या. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “अरे, ही तर आपली काकू. जंतूकाकू.”

झालं. नाव ठेवायला या वयाला मुहूर्त लागत नाही. साबणाला कुणी विचारलं नाही, मोठ्या मॅडमना कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत ती जंतूकाकू झाली होती.

स्पंजच्या तोंडाला दिसण्यापुरती दोन भोकं होती. त्या भोकांतून तिला आपली लेक दिसली. तिसऱ्या रांगेत, दोन मैत्रिणींच्या मध्ये, मान इतकी खाली घालून बसलेली की फक्त केसांचा भांग दिसत होता. जंतूकाकूनं ‘मेलो, मेलो’ म्हटलं आणि ती पडली. त्या क्षणी ते वाक्य तिनं अगदी मनापासून म्हटलं.

शेवटी मॅडमनी सगळ्यांना हात वर करायला लावून फोटो काढला आणि “मुलांचा उदंड प्रतिसाद” असं फोनवर कुणाला तरी सांगितलं.

घरी लेक जेवायला बसली ती ताटाकडे बघत. मग म्हणाली, “तू परत माझ्या शाळेत येऊ नकोस.”

“मी हौसेनं आले नव्हते.”

“नाही म्हणायचं ना मग.”

“नाही म्हटलं असतं तर दुसरीला शिंगं लावली असती. कुणाच्या तरी आईलाच लावली असती.”

“लावू दे ना. माझ्या आईला नको.”

बाप लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावरून दमून आला होता. वातावरण हलकं करावं म्हणून तो म्हणाला, “अगं, निदान घरात जंतू असल्यामुळे बाहेरचे जंतू घाबरून येणार नाहीत.” दोघींनीही त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं बाकीचं जेवण गुपचूप आटोपलं.

जंतूकाकूची जीभ मुळातच तिखट. लोक म्हणत, ही बाई औषध नंतर देते, आधी जिभेनंच डोस पाजते. नाव पडल्यापासून त्या जिभेला आणखी धार चढली. गल्ल्यांतून फिरताना वळणावर टोळकं उभं असायचं, ती पुढे गेली की मागून “मी आलो, मी आलो” ऐकू यायचं. ती मनात म्हणायची, हसा, मस्तवालांनो. ज्यांना दोन वेळा हात धुवायची अक्कल नाही त्यांनी माझ्यावर हसावं. तिची खात्री होती की सगळा दोष पोरांच्या जिभेचा. नाक्यावरच्या उघड्या गाड्यांवर काय वाटेल ते चरतात आणि मग पोट धरून बसतात.

दारोदार जाऊन चौकशी करायची असे. ती दारात उभी राहून, जिन्यात चारचौघं ऐकत असताना, भरघोस आवाजात विचारायची, “पोराला पातळ होतंय का? किती वेळा? पाण्यासारखं की चिकट?”

आतून आई म्हणायची, “नाही हो, आमच्या पोराला काही नाही.” आईच्या मागे ते पोर कानापर्यंत लाल होऊन भिंतीत शिरायला जागा शोधत असायचं. जंतूकाकू मीठ-साखरेच्या पाकिटांची चळत तशीच परत घेऊन जायची आणि वर म्हणायची, यांना लाजच प्यारी तर मरू देत लाजेनं.

म्हणायची खरी. पण लाजेनं माणूस खरोखर मरू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. ते शिरायचं होतं तिच्याच घरातून.

त्या आठवड्यात लेक जेवेनाशी झाली. भात पुढे ढकलायची, पाण्याचा पेला तसाच ठेवायची. पहाटे उठून “क्लासला लवकर बोलावलंय” म्हणून जायची आणि अंधार पडायच्या बेतानं यायची. आई कोपऱ्यात पाकिटं मोजत बसलेली. तिनं मान वर न करता म्हटलं, “बारीक व्हायचंय वाटतं बाईसाहेबांना. व्हा. हाडांचा सापळा झालात की शाळेत विज्ञानाच्या तासाला उभं करतील.”

लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आईला वाटलं, टोला बसला.

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी जंतूकाकू एका घरात नवीन सुनेला मीठ-साखरेचं पाणी कसं कालवायचं ते दाखवत होती. उकळून गार केलेलं पाणी, चमचा सपाट हवा, मीठ जास्त झालं तर घात होतो, असं चाललं असताना फोन वाजला. लेकीची मैत्रीण होती. ती रडत होती, त्यामुळे अर्धं कळलं आणि अर्धं कळलं नाही. लेक क्लासच्या जिन्यात पडली होती आणि तिला दवाखान्यात नेलं होतं.

ती चमचा हातात घेऊनच धावली.

दवाखान्यातली नर्स ओळखीची, वर्षानुवर्षांची. तिनं सलाईन लावलं होतं. जंतूकाकूला बघून ती म्हणाली, “तुमच्याच घरात?” एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. अख्ख्या मोहल्ल्याला सुनावणाऱ्या बाईला सुनावायला तेवढं पुरे होतं.

लेकीचे डोळे खोबणीत गेले होते. जंतूकाकूनं तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. हे तिनं कित्येक आयांना दाखवलं होतं: कातडी झटकन बसली तर बरं, तशीच उभी राहिली तर पळा. लेकीची कातडी तशीच उभी राहिली. जंतूकाकू त्या वळीकडे बघत राहिली. वळी हळूहळू, फार हळूहळू खाली बसली. जंतूकाकू खाटेच्या लोखंडी कडेवर टेकली.

बाप आला, बाहेरच्या बाकावर बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. सलाईनची दुसरी बाटली लागली तेव्हा लेकीनं डोळे नीट उघडले.

“किती दिवस?” आईनं विचारलं. या वेळी आवाज दारात उभं राहून विचारायचा नव्हता.

“पाच-सहा.”

“आणि पाणी?”

“पीत नव्हते. प्यायलं की जावं लागतं.”

“मला सांगायचं नाहीस?”

लेक छताकडे बघत म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू जिन्यात उभं राहून विचारलं असतंस, पाण्यासारखं की चिकट.” मग म्हणाली, “आणि बाहेर कळलं असतं तर? जंतूकाकूच्या घरात जंतू. मला शाळा सोडावी लागली असती, आई.”

जंतूकाकूनं तिच्या कपाळावरचे केस मागे केले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, तिला वाटलं. आणि दिवा तर स्वतःला केवढा समजत होता.

पुढचं लेकीनं आपणहून सांगितलं, पाकिटातलं पाणी घोट घोट घेत. क्लासमधल्या निम्म्या पोरांना हेच होतंय. कुणीच घरी सांगत नाही. आपसात खूणभाषा झाली आहे. कुणी म्हणालं, ‘माझं नेटवर्क गेलं’, की बाकीचे वाट मोकळी करून देतात. आणि गाड्यांवर खाऊन नाही होत. क्लासमध्ये बाकावर बाटली ठेवायला बंदी आहे, कारण एकदा कुणाची तरी सांडली आणि सरांच्या नोट्स भिजल्या. म्हणून सगळे तिथल्या कूलरचं पाणी पितात. त्या पाण्याला वास येतो. पोरं नाक दाबून पितात आणि त्यावरही विनोद करतात.

“मग बोलत का नाही कुणी?”

“कुणी बोलायचं? जो पहिला बोलेल त्याला जन्मभर जुलाब म्हणतील.”

जंतूकाकूला नाक्यावरच्या गाडीवाल्यांची आठवण झाली. त्यांना तिनं गेले कित्येक दिवस शिव्या घातल्या होत्या, आणि आता त्या परत घेता येत नव्हत्या.

लेक घरी आल्यावर ती क्लासवर गेली. दोन मजली इमारत, खाली भांड्यांचं दुकान, वर क्लास. दर्शनी भागावर सरांच्या फोटोसकट भलामोठा फलक: ‘इथे हमखास निकाल लागतो’. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो ओळीनं लावलेले, आणि त्यांच्या खालीच तो कूलर. नळाला हिरवट बुळबुळीत कड आली होती.

सर खुर्चीत मागे रेलून बसले होते. त्यांना लोक हुशार म्हणत आणि त्यांचं त्याबाबत दुमत नव्हतं.

“बाई, माझ्याकडे निवडक मुलं येतात,” ते म्हणाले. “आजार ती घरून आणतात. कुणाच्या घरात कशी परिस्थिती असते, मी काय बोलू? तुम्हीच आरोग्याचं काम करता ना? मग हे तुमचं अपयश नाही का?”

“गच्चीवरची टाकी बघायची आहे.”

“किल्ली घरमालकाकडे असते.”

“घरमालक कुठे असतो?”

“परगावी. आणि हा कूलर साधासुधा नाही. स्टेनलेस स्टीलचा आहे. स्टीलला जंतू धरत नाहीत.”

जंतूकाकूला त्यावर बरंच बोलता आलं असतं. पण सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू पसरलं आणि ते म्हणाले, “अच्छा, त्या नाटकातल्या जंतू तुम्हीच ना?” बाहेरच्या खोलीत दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. ती वळली आणि जिना उतरली.

तिथून ती मोठ्या मॅडमकडे गेली. मॅडमनी काळजीनं भुवया जवळ आणल्या. भुवया जवळ आणणं त्यांना छान जमायचं.

“खाजगी क्लास आपल्या कक्षेत येत नाही, ताई.”

“पोटं तर येतात ना कक्षेत?”

“असं तोडून बोलू नका. पाण्याचा नमुना मागवता येईल, पण त्याला क्लासची संमती लागेल. शिवाय मोहिमेच्या पुढच्या प्रयोगाला ते सर हॉल देणार आहेत. संबंध बिघडवून कसं चालेल?” मग त्या खाली वाकून टेबलाखाली बघत म्हणाल्या, “बरं झालं आलात. पोशाखाचं एक शिंग सैल झालंय. जरा शिवून घ्याल?”

शिंग काखेत मारून जंतूकाकू घरी आली. तिनं ते फेकलं ते कपड्यांच्या ढिगावर जाऊन पडलं.

“उद्या मी त्याच्या क्लासच्या दारात उभी राहते,” ती म्हणाली. “येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगते. बघू कसा तोंड दाखवतो ते.”

लेक अजून अशक्त होती, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “नको.”

“का? तुझी अब्रू जाते?”

“ते नाही. तू ओरडलीस की सगळे तुझ्यावर हसतील. तुझ्यावर हसायची सवय झालीये त्यांना. सरही हसतील, आणि मग टाकी राहील बाजूला.” तिनं ढिगावरच्या शिंगाकडे पाहिलं. “हसायचंच आहे तर त्यांच्यावर हसायला पाहिजे सगळ्यांनी.”

“आणि ते कसं करणार?”

“बघते,” लेक म्हणाली, आणि उशी डोक्याखाली ओढून झोपली.

दोन दिवसांनी तिनं क्लासला जायचा हट्ट धरला. जिना चढताना चक्कर येऊ नये म्हणून आई बरोबर गेली आणि वर न जाता मधल्या वळणावर थांबली. दार उघडंच होतं. आतला शब्द न् शब्द जिन्यात ऐकू येत होता.

गैरहजर राहिलेल्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारायची सरांना आवड होती. लेक आत गेली तसे ते म्हणाले, “या, या. कुठे होतो आपण इतके दिवस? कुणाच्या लग्नात नाचत होतो का?”

हसण्याची एक लाट आली आणि गेली. जंतूकाकूनं कठडा घट्ट धरला.

“नाही, सर,” लेकीचा आवाज आला. बारीक होता, पण थरथरत नव्हता. “मला जुलाब झाले होते.”

खोली चिडीचूप झाली. त्या वयाच्या पोरीनं तो शब्द भरल्या खोलीत उच्चारावा, हे तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं. जंतूकाकूनंही नव्हतं.

“बरं, बरं, बस,” सर घाईनं म्हणाले.

“तुमच्या कूलरचं पाणी पिऊन झाले, सर. सलाईन लावावं लागलं.”

“काहीतरी बोलू नकोस. घरचं खाणंपिणं सांभाळा आधी. तुझी आई ती नाटकातली ना, तिनं शिकवलं वाटतं हे?”

“आईनं शिकवलं असतं तर मी आधीच बोलले असते,” लेक म्हणाली. “तिला मी सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती.”

कुणी हसलं नाही. जंतूकाकू वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता येईल. आता मागच्या रांगेतून तो खणखणीत आवाज येईल आणि माझी पोर जन्मभराची डागळेल. आणि तो आवाज आलाच. तोच, शाळेच्या हॉलमधला.

“सर,” तो म्हणाला, “माझंही नेटवर्क गेलं होतं.”

आणि खोली फुटली. बाक बडवले गेले. कुणी म्हणालं, “माझा तर टॉवरच कोसळला होता, सर.” कुणी म्हणालं, “मला गेल्या महिन्यापासून रेंजच नाही.” एक मुलगी, जी क्लासमध्ये तोंड उघडत नाही म्हणून प्रसिद्ध होती, ती म्हणाली, “मला दोनदा झालं,” आणि स्वतःच हसत सुटली. सर टेबल आपटत होते, “गप्प बसा, निर्लज्जांनो,” म्हणत होते, आणि प्रत्येक आपटण्याला हसू वाढत होतं. मग कुणाला तरी तो फलक आठवला. “सर, तुम्ही खोटं बोलत नाही. इथे हमखास निकाल लागतो.”

सरांनी उत्तरासाठी नोट्सकडे पाहिलं. नोट्समध्ये ते आलेलं नव्हतं.

जंतूकाकू जिन्यातच मटकन बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. भांड्यांच्या दुकानाचा मालक खालून वर बघून “काय झालं हो?” म्हणून विचारत होता.

जे वरच्या ऑफिसाला, कक्षेला आणि शिंगांना जमलं नाही ते चेष्टेनं दोन दिवसांत केलं. चार गल्ल्यांत त्या क्लासला सगळे ‘हमखास’ म्हणू लागले. “कुठे निघालास?” “हमखासला.” “मग लोटा घेऊन जा.” आईबापांच्या कानावर गेलं. घरोघरी पोरांना विचारलं गेलं, आणि एकानं कबूल केलं की दुसऱ्याला कबूल करायला सोपं जात होतं. मग आईबाप घोळक्यानं क्लासवर गेले. परगावी गेलेला घरमालक मागच्याच गल्लीत सापडला. किल्लीही त्याच्या खिशात सापडली.

टाकी उघडायला जंतूकाकूचा नवरा वर चढला, कारण उंचावरची कामं त्याच्या सवयीची. झाकण उघडायची वेळच आली नाही. झाकण नव्हतंच. त्यानं आत डोकावलं, नाकाला रुमाल लावला आणि खाली बघून म्हणाला, “कबुतर आहे. म्हणजे होतं.”

सर तिथेच उभे होते. ते म्हणाले, “हे घरमालकानं बघायला हवं होतं.” घरमालक म्हणाला, “पाणी मुलं पितात, भाडेकरूनं बघायला हवं होतं.” दोघं बराच वेळ एकमेकांकडे बोट दाखवत उभे होते. मेलेल्या कबुतराची मालकी घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी टाकी रिकामी झाली, घासली गेली, औषध टाकून पुन्हा भरली, पुन्हा उपसली. नवं झाकण आलं, त्याला कुलूप आलं, कूलरच्या जागी फिल्टर आला. घासणाऱ्या माणसांच्या डोक्यावर जंतूकाकू सकाळपासून उभी होती, आणि कोपरा राहिला की बोट दाखवत होती. ती माणसं एकमेकांत म्हणाली, हिच्यापेक्षा कबुतर बरं होतं.

आणि मग ज्याला लाज नसते त्याचं जे होतं तेच सरांचं झालं. महिना व्हायच्या आत जुना फलक उतरला आणि नवा चढला: ‘विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी घेणारा एकमेव क्लास’. फिल्टरचं उद्घाटन करायला मोठ्या मॅडम आल्या. मॅडमनी भाषणात सांगितलं की हे त्या नाटुकल्याचं यश आहे, किशोरवयीनांमध्ये जागृतीची लाट आली आहे. सरांनी सांगितलं की आपण पहिल्यापासून पाण्याबाबत काटेकोर होतो. दोघांनी एकमेकांना फुलं दिली. लेक आईशेजारी मागे उभी होती. ती कुजबुजली, “तुझं नाव नाही घेतलं.”

“नशीब समज,” आई म्हणाली. “नावं ठेवून घ्यायला मी रिकामी नाही आता.”

उद्घाटन म्हणजे पहिला पेला मॅडमनी प्यायचा. सरांनी फिल्टरचा नळ सोडला, काचेचा पेला भरला आणि वाकून पुढे केला. मॅडमनी पेला घेतला, फोटोसाठी ओठांपर्यंत नेला, फोटो झाल्यावर तसाच टेबलावर ठेवला. मग पर्समधून सीलबंद बाटली काढली, तिचं झाकण फिरवलं आणि दोन घोट घेतले.

सगळी पोरं बघत होती. यावेळी कुणी शिट्टी मारली नाही. सगळ्यांनी फक्त बघितलं, आणि ते बघणं शिट्टीपेक्षा वाईट होतं. मॅडमनी बाटली पर्समध्ये टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं.

जंतूकाकू पुढे गेली. टेबलावरचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“पाणी चांगलं आहे,” ती पोरांना म्हणाली. “घासून घेतलंय मी. प्या.”

पोरांनी रांग लावली. मॅडम जाता जाता तिच्याजवळ थांबल्या आणि पुढच्या आठवड्यात पलीकडच्या भागातल्या शाळेत प्रयोग आहे, असं म्हणाल्या.

“शिंग शिवलेलं नाही,” जंतूकाकू म्हणाली. “आणि मी शिवणारही नाही. मला त्या शाळेच्या टाकीची किल्ली मागून द्या. बाकी काही नको.”

“किल्लीचं आपल्या हातात नसतं, ताई.”

“मग तुम्हीच घाला पोशाख. तुमच्या मापाचा आहे, मी बघितलंय.”

मॅडमनी भुवया जवळ आणल्या, पण या वेळी त्या नीट जमल्या नाहीत. तक्रार वर गेली, जंतूकाकूला समज मिळाली, आणि पलीकडच्या शाळेत दुसऱ्याच कुणाला तरी शिंगं लावली गेली. तिथल्या टाकीची किल्ली अजून मिळालेली नाही. ती मागणं तिनं सोडलेलंही नाही.

तिची जीभही काही गोड झाली नाही. एवढंच झालं, की ती आता जिन्यात उभी राहून विचारत नाही. आत जाते, दार लोटून घेते, आईला चहा टाकायला म्हणून बाजूला पाठवते आणि मग विचारते. वळणावरच्या टोळक्यातली पोरं अजून तिला जंतूकाकूच म्हणतात, पण आता तोंडावर म्हणतात आणि पाकिटं मागून नेतात. लेकीला त्यात पूर्वीइतकं लाजिरवाणं वाटत नाही. थोडं वाटतं. सोळा वर्षांचीच आहे ती.

परवा जंतूकाकू कोपऱ्यावरच्या एका घरी गेली होती. दारात आई उभी, हात पुसत.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे हो,” आई म्हणाली. “पोरगा जरा अभ्यासानं दमलाय, म्हणून झोपलाय.”

जंतूकाकू परत फिरायच्या बेतात होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून एक फुटलेला, अर्धा पुरुषी आवाज आला.

“झोपलो नाहीये. सकाळपासून चार वेळा गेलोय. काकू, आत या.”

आई दारातून बाजूला झाली. जंतूकाकूनं चपला काढल्या आणि ती आत गेली.